आडवाटेची शर्यत

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या गांवच्या शाळेची मंडळी एके संध्याकाळीं घरीं आली आणि तिनें आमच्यावर एक अनपेक्षित कामगिरी सोंपविली. मुलामुलींची धांवण्याची शर्यत घ्यावयाची होती; पण ती सडकेवरून नव्हे, तर रानांतून, शेतांतून आणि पुळणीवरून. तिची वाट आम्हीं आखून द्यावी, एवढेंच मागणें होतें. आमचें वय आतां चौऱ्याहत्तर. धांवणें सुटल्याला पुष्कळ वर्षें झालीं. परंतु गांवांतील एकूणएक पाणंद आमच्या पायांखालची आहे, या एकाच गुणावर आमची निवड झाली असावी. आम्हीं आनंदानें होकार दिला. माजघराच्या उंबऱ्याशीं सुपारी कातरीत बसलेले आमचे थोरले बंधू, दादा, मान वर न करतांच म्हणाले, "वाट अशी आख, कीं कोणाला ती चोरतां येऊं नये."

दादा जन्मभर शिक्षक होते. परीक्षेच्या दालनांत शोभणारें तें वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघालें. तें आम्हांस मात्र टोंचलें. कां टोंचलें, तें पुढें ओघानें येईलच.

या शर्यतीला इंग्रजींत क्रॉसकंट्री म्हणतात. आपण तिला आडवाटेची शर्यत म्हणूं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत श्रूजबरी, रग्बी इत्यादि ठिकाणच्या इंग्रजी शाळांतून हा खेळ रूढ झाला. एकदोन मुलांनीं ससा व्हावें, कागदाचे कपटे टाकीत पुढें पळावें आणि उरलेल्यांनीं शिकारी कुत्र्यांप्रमाणें त्या कपट्यांच्या मागानें रान तुडवावें, असें त्याचें मूळ रूप होतें. १९०३ सालीं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार देशांची शर्यत हॅमिल्टन येथें झाली, आणि १९७३ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती होऊं लागल्या. ऑलिंपिकांतील अडथळ्यांची शर्यत, जिला स्टीपलचेस म्हणतात, ती याच खेळाची माणसाळलेली धाकटी बहीण होय. रानांतला गडगा तेथें लांकडी अडसर झाला आणि ओढा पाण्याची खांच झाला. २०१६ सालीं रिओ येथें या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवलेली ललिता बाबर ही साताऱ्याकडील माणदेशची, आणि २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक मिळविणारा अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा. साबळ्यांची धांव तर सैन्यांतल्या क्रॉसकंट्री शर्यतींपासूनच सुरू झाली. तेव्हां हा खेळ आपल्या मातीला परका आहे असें कोणीं समजूं नये.

आमचें घर मालवणच्या उत्तरेस, तोंडवळी आणि आचरें यांच्या बाजूस आहे. आमच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभें राहिलें असतां प्रथम पुळण, तिच्यामागें सुरूचें बन, मग माडांच्या बागा व घरें, मग भाताचे कुणगे, त्यांच्या कडेनें वाहणारा व्हाळ, नंतर एकदम उभी घाटी, आणि घाटीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा. हें सारें एका कोसाच्या आंत. इतक्या थोड्या अंतरांत इतक्या जातीची जमीन ज्याच्या वाट्याला आली, त्याला वाट आखणें सोपें वाटावें यांत नवल नाहीं. आम्हांसही तें सोपें वाटलें. एका रात्रींत आम्हीं कागदावर वाट काढली. शाळेच्या फाटकांतून निघावें, पाणंदीनें थेट घाटी चढावी, सडा आडवा कापावा, दुसऱ्या बाजूच्या उभ्या घाटीनें खालीं उतरावें, व्हाळ ओलांडावा आणि कोरड्या पुळणीवरून समुद्रकांठीं शर्यत संपवावी. जितकी वाट अवघड तितकी ती थोर, अशी आमची समजूत होती.

ही समजूत आमच्या नातीनें मोडली. ती पुण्यास शिकते, तेथल्या कृत्रिम पट्ट्यावर धांवण्याचा सराव करते आणि नाताळाच्या सुटींत घरीं आली होती. कागद पाहून ती म्हणाली, "आजोबा, आधीं आपण चालून पाहूं या." आम्ही चाललों. ती हातांतल्या फोनवर अंतर मोजीत होती आणि आम्ही आमच्या गुडघ्यांवर.

पहिला दोष फाटकांतच सांपडला. तीस मुलें एकदम सुटलीं, तर दोन हात रुंदीच्या पाणंदींत पहिल्या पन्नास पावलांतच रेटारेटी होणार. मागें सांपडलेल्या मुलाच्या अंगांत बळ असूनही त्याला पुढें जाण्यास जागा नाहीं. म्हणजे शर्यतीचा निकाल पायांनीं नव्हे, कोंपरांनीं लागणार. आरंभ रुंद जागेंत हवा, आणि पहिली अरुंद जागा येण्यापूर्वीं धांवणारे आपापल्या शक्तीप्रमाणें पांगले पाहिजेत. आमच्या गांवांत सर्वांत रुंद जागा कोणती? पुळण. म्हणजे जेथें आम्हीं शेवट मांडला होता, तेथें आरंभ हवा होता.

दुसरा दोष सड्यावर. जांभा दिसावयास सपाट, पण त्याच्या अंगभर खळगे आणि धारा. शिवाय तो लोखंडासारखा कठीण. त्यावर एक मैल धांवविणें म्हणजे लहान मुलांच्या घोट्यांवर व नडग्यांवर घाव घालणें. जागतिक संघटनेच्या नियमांचा भर गवताळ, नैसर्गिक चढउतारांच्या जमिनीवर आहे. सडक किंवा पक्की फरसबंदी टाळावी, लांबच लांब सरळ पट्टे नसावेत, धोक्याचे चढउतार आणि खोल खड्डे वर्ज्य करावेत, असाच त्यांचा आशय. सड्याविषयीं दुसरीही एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. तो ओसाड दिसतो, पण ओसाड नसतो. आमच्याच मालवण तालुक्यांत कुडोपी येथें कातळावर प्राचीन माणसांनीं कोरलेलीं चित्रें आहेत, आणि कोंकणांतील अशा कातळशिल्पांची नोंद २०२२ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाली. जेथें पाऊल पडणार तेथें आधीं डोळा पडला पाहिजे. म्हणून सड्याची वाट आम्हीं कापून दोन फर्लांगांवर आणली आणि ती गवत असलेल्या कडेनें नेली.

तिसरा दोष उताराचा. आमची उतरण्याची घाटी जेथें संपते तेथेंच चिऱ्यांचा गडगा आहे आणि वाट काटकोनांत वळते. वेगानें आलेला मुलगा गडग्यावर आपटलाच असता. उताराच्या पायथ्याशीं सरळ मोकळी जागा हवी, हा धडा आम्हांस आमच्या गुडघ्यांनींच दिला. चौथा दोष मळ्यांत. भात कापून झालें म्हणजे शेत मोकळें झालें, असें शहरच्या माणसास वाटतें. पण त्याच ओलीवर कुळीथ आणि चवळी पेरलेली असते. मुलांनीं तीं रोपें तुडवावीं आणि आपण टाळ्या वाजवाव्या, हें शोभणारें नव्हे. वाट मेरेवरून गेली पाहिजे, आणि ज्याची मेर त्याची परवानगी घेतली पाहिजे. आम्ही आणि नात सात घरीं जाऊन आलों. सहा ठिकाणीं चहा झाला. सातव्या ठिकाणीं आमच्या वडिलांच्या वेळचें एक भांडण निघालें, पण परवानगी मिळाली.

अवघडपणाविषयींची आमची समजूत मात्र इतक्यानेंही गेली नसती. ती घालविण्यास दोन जुन्या शर्यतींची आठवण कामीं आली. १९२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकांत ही शर्यत ऐन उन्हाळ्यांत घेतली. अडतीस जण निघाले आणि पंधराच पोंचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला खरा, पण वाटेंत कोसळलेल्यांचे हाल पाहून हा खेळ ऑलिंपिकांतून जो गेला तो पुन्हां आला नाहीं. दुसरी गोष्ट २००७ सालची. जागतिक अजिंक्यपदाची शर्यत केनयांत मोंबासा येथें, आमच्यासारख्याच दमट समुद्रकिनाऱ्यावर झाली. ओळीनें पांच वर्षें मोठ्या पल्ल्याची शर्यत जिंकलेला इथिओपियाचा केनेनिसा बेकेले त्या उष्म्यानें वाटेंतच थांबला आणि एरिट्रियाचा झेरसेनाय ताडेसे पहिला आला. याउलट २०१९ सालीं डेन्मार्कांत आर्हूस येथें धांवपटूंना एका संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून नेलें. ती वाटही फार कठीण होती. परंतु ती माणसाला आव्हान देत होती, मारीत नव्हती. आम्हांस वाटतें, चांगल्या गुरूमध्यें आणि नुसत्या कडक मास्तरामध्यें जो फरक, तोच येथें आहे.

चांगली वाट कोणा एकाच्याच गुणाची चाकर नसते. पुळणीवर हलक्या पायाचा पुढें जाईल, घाटींत दमदार छातीचा, उतारावर धीट मनाचा, मेरेवर ज्याचा तोल चांगला तो. प्रत्येकाला आपली एक जागा मिळावी, आणि प्रत्येकाचें उणें एकदां तरी उघडें पडावें. या शर्यतींत विक्रमाची नोंद नसते, कारण एका वाटेवरचें मिनिट दुसऱ्या वाटेवर चालत नाहीं. घड्याळावर वाढलेल्या आमच्या नातीला हें प्रथम चमत्कारिक वाटलें. "मग मी सुधारलें कीं नाहीं, तें कसें कळणार?" तिनें विचारलें. आम्हीं म्हटलें, "पुढच्या वर्षीं याच घाटींत कळेल."

या खेळांत आणखी एक सोय आहे, ती एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस विशेष आवडेल. जागतिक शर्यतींत एका देशाचे सहा जण धांवतात आणि त्यांतल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्यांची बेरीज कमी, तो संघ विजयी. म्हणजे घरांतला एक हिरा पहिला येऊन भागत नाहीं; चौथा कितवा आला, यावर सारें अवलंबून. आम्हीं आमच्या पांच वाड्यांचे सहा-सहा असे तीस जण धरले आणि हाच हिशेब ठेवला. त्यामुळें, आपल्या मुलाला पळतां येत नाहीं म्हणून नांव न घालणाऱ्या दोन आयांनीं तीं नांवें घातलीं.

आतां वेळेचा प्रश्न. कोरड्या वाळूंत पाय रुततो; ओल्या, ओहोटीनें नुकत्याच उघड्या केलेल्या वाळूवर तो ठरतो. म्हणून पुळणीवरचा आरंभ ओहोटीच्या वेळींच हवा. आमच्याकडचा ढोबळ हिशेब वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ, आणि तींत सहा तास मिळविले कीं ओहोटीची. द्वितीयेस दीडच्या सुमारास भरती, म्हणून सकाळीं साडेसातच्या सुमारास ओहोटी. शिवाय पौर्णिमेच्या व अमावास्येच्या आसपास उधाण असतें, तेव्हां पाणी चढतें पुष्कळ आणि उतरतेंही पुष्कळ. अष्टमीच्या भांगाला तेवढी पुळण उघडी पडत नाहीं. आम्हीं पंचांग उघडलें आणि पौष वद्य द्वितीया, सकाळीं सात, ही वेळ धरली. थंड हवा, पक्की वाळू, तासाभरांत सारीं मुलें घरीं.

येथेंच आमची खरी अडचण सुरू झाली. सुरूचें बन संपलें कीं खाडीचा एक फांटा आडवा येतो. वाट त्याच्या कडेकडेनें वर साकवापर्यंत जाते, साकव ओलांडते आणि पलीकडच्या कडेनें परत खालीं येऊन मळ्याला लागते. हें वळण अर्ध्या मैलाचें. भरतीच्या वेळीं फांट्यांत पुरुषभर पाणी असतें. ओहोटीच्या वेळीं तें गुडघाभर राहतें, आणि जो कोणी माडांच्या आडून हळूच उतरेल, तो पन्नास पावलांत पलीकडे जातो. जी ओहोटी पुळण चांगली करते, तीच हें चोरदार उघडते.

आम्हीं रात्रीच्या जेवणानंतर सुचविलें कीं साकवावर एक माणूस मोजणीला बसवावा. दादा हंसले. "तिथें कोण उतरणार? खाडी आहे ती. आणि आपल्या गांवच्या शर्यतींत कोणीं वाट चोरल्याचें मीं तर ऐकलेलें नाहीं."

तेव्हां आम्हीं सांगून टाकलें कीं, आम्हीच उतरलों होतों.

ती गोष्ट १९६४ सालची. आम्ही बारा वर्षांचे, दादा चौदांचे. शाळेनें अशीच एक शर्यत घेतली होती, तिथि तृतीया होती, आणि सकाळीं आठ वाजतां फांटा उघडा पडला होता. दादा आमच्या बरेच पुढें होते. ते साकवाकडे वळले. आम्ही माडांआड थांबलों, इकडेतिकडे पाहिलें आणि पाण्यांत उतरलों. आम्ही पहिले आलों, दादा दुसरे. बक्षीस म्हणून एक पितळी गडू मिळाला, त्यावर साल कोरलेलें होतें. वडिलांनीं तो कौतुकानें देवघरांत ठेविला. वडिलांमागें दादा पूजा करूं लागले, आणि त्याच गडूंतलें पाणी ते रोज देवाच्या अंगावर घालीत आले. आम्ही रोज तें पाहत आलों. त्या शर्यतीनंतर दादा कधीं धांवले नाहींत. धाकटा पुढें गेला, मग आपल्याला यांत गति नाहीं, असा त्यांनीं अर्थ काढला होता. हें त्यांनीं एकदां आमच्या वहिनींजवळ बोलून दाखविलेलें आम्हीं ऐकलें होतें, आणि तेव्हांही आम्ही गप्पच राहिलों होतों.

दादांचा अडकित्ता थांबला. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "तरीच. त्या दिवशीं तुझी चड्डी ओली होती. मला वाटलें, घाम आहे."

एवढेंच बोलून ते उठले. दुसऱ्या दिवशीं पूजेला तांब्याची लोटी आली. गडू देवघरांत नव्हता. चार दिवस दादा आमच्याशीं कामापुरतें बोलले. आमच्या घरांत चौदा माणसें आहेत. अशा घरांत दोघांचा अबोला लपत नाहीं आणि त्याचें कारण कोणी विचारीतही नाहीं. पांचव्या दिवशीं ते आपण होऊन म्हणाले, "साकवावर मी बसतों."

द्वितीयेच्या पहांटे ते सर्वांच्या आधीं निघाले. कानटोपी, हातांत काठी, बरोबर पाण्याची कळशी. आणि पिशवींत तो गडू. सात वाजतां तीस मुलें पुळणीवरून सुटलीं. ओली वाळू रुंद पडली होती, कोणाचा कोणाला धक्का लागला नाहीं. बनांत शिरेपर्यंत त्यांची लांब माळ झाली. आम्ही शाळेच्या मैदानावर शेवटापाशीं उभे होतों. साकव तेथून दिसत नव्हता. पहिली आली ती खालच्या वाडींतील एक मुलगी, जी रोज घाटी चढून शाळेंत येते. आमची नात सातवी आली, धापा टाकीत म्हणाली, "सड्यावर मी बरी होतें, पण घाटींत संपलें," आणि पुढच्या वर्षाची गोष्ट काढूं लागली. एकामागून एक एकोणतीस मुलें आलीं. तिसावा कोठें आहे?

तो दादांबरोबर आला. वरच्या वाडींतला एक लठ्ठसा मुलगा होता. साकवाशीं पोंचेपर्यंत त्याचें बळ संपलें होतें. मागाहून कळलें कीं फांट्याच्या कांठावर तो क्षणभर थांबला होता, आणि पाण्याकडे पाहत होता. दादांनीं साकवावरून त्याला पाहिलें; हांक मारली नाहीं, कांहीं बोलले नाहींत. मुलगा वळला आणि साकवाकडे आला. दादांनीं त्याला गडूनें पाणी पाजलें, मोजणीचा कागद खिशांत घातला आणि ते त्याच्या पावलानें चालत घाटी चढून, सडा ओलांडून मैदानापर्यंत आले. वयाच्या शहात्तराव्या वर्षीं त्यांनीं ती वाट पुरी केली. त्या मुलाच्या वाडीचा संघ तिसरा आला. पण त्यांच्या चौथ्या मुलापेक्षां या तिसाव्यालाच मुलांनीं अधिक टाळ्या दिल्या.

उत्तम वाट कोणती, असें आम्हांस कोणीं विचारलें, तर रुंद आरंभ, बदलती जमीन, मध्यावर चढ, उताराच्या पायथ्याशीं मोकळी जागा आणि तिथि पाहून धरलेली वेळ, हें सारें आम्ही सांगूं. परंतु यांतलें कांहींही वाट चोरणाऱ्याला अडवूं शकत नाहीं. कुंपण घालून अडविलेल्याला प्रामाणिक म्हणतां येत नाहीं, आणि ज्या वाटेवर मोहाची एकही जागा नाहीं, तिच्यावर पायांची तेवढी परीक्षा होते. वाट आखणाऱ्यानें एवढेंच करावें कीं, सरळ धांवणारा मुलगा सरळ धांवल्यामुळें मागें पडूं नये, आणि अवघड वळणावर त्याला पाहणारें कोणी वडीलधारें असावें.

गडू देवघरांत परत आला नाहीं. दादांनीं तो शाळेला दिला. दरसाल साकवावर जो बसेल, त्यानें येणाऱ्याजाणाऱ्यास त्यांतून पाणी द्यावें, असें ठरलें आहे. त्यावरचें १९६४ हें साल घांसून काढावें काय, असें आम्हीं दादांना विचारलें होतें. ते म्हणाले, "राहूं दे."